आडाचा कठडा

"ये की वर. आता तुला पण हाताला धरून आणू का? कंबर गेली माझी, कंबर. अन् आजपासून आणखी एक तोंड येणार म्हणे पाण्याला."

शांतम्मा पोहऱ्याशी बोलत होत्या. माणसांशी बोलताना त्या तोलून मापून बोलायच्या, पण पोहरा, मांजर आणि महादेव या तिघांपाशी त्यांचं काही राखून ठेवलेलं नसायचं. खिडकीच्या अलीकडं स्टोव्हला पंप मारत बसलेल्या चांगुणाचा हात तसाच राहिला. खिडकी आणि आड यांच्यात हातभराचं अंतर. रोज सकाळी या खिडकीतून चाकाची कुरकुर यायची, दोर सरसरायचा, वर येता येता पाणी सांडायचं, आणि तो आवाज ऐकत चहा करणं तिला आवडायचं. आज चाकाबरोबर माणूस कुरकुरलं. आणखी एक तोंड म्हणजे आई. काल संध्याकाळीच तिनं ओसरीच्या पायरीशी उभं राहून सांगितलं होतं, "अम्मा, उद्या माझी आई येतीय. गावाकडं पाणी राहिलं नाही. पाऊस पडेस्तोवर राहील." अम्मा हसल्या होत्या. "येऊ द्या की. आईला कोण नको म्हणतं?" ते हसणं खोटं नव्हतं. आताची कुरकुरही खोटी नव्हती. चांगुणानं पंप पुन्हा मारला, जरा जोरातच, म्हणजे खिडकीपलीकडं कळावं की इकडं कुणी काही ऐकलेलं नाही.

घर शांत पाहिजे, एवढीच तिची मागणी होती, इथं खोली शोधायला निघाली तेव्हा. जिल्हा नवा झाला आणि नांदेडच्या कचेरीतून तिची बदली लातूरला झाली. नवरा, शेषेराव, तिकडं इस्लापूरच्या शाळेत मास्तर. दोघांच्या मधे अख्खा नांदेड जिल्हा आडवा पडलेला. तो सणासुदीला येणार, बाकी ती एकटी. लातुरात त्या दिवसांत रोज एक नवं हाफिस उघडायचं आणि रोज एक नवा साहेब सतरंजी-टरंक घेऊन खोली शोधायला निघायचा. धान्याची कोठारं रिकामी करून लोकांनी त्यांना खिडक्या पाडल्या, म्हशींच्या गोठ्यांना चुना लागला. नव्या जिल्ह्यात जात कुणी विचारत नव्हतं. शिकलेल्या माणसाला ते शोभत नाही, आणि सरकारी माणसाला विचारलं तर भानगड व्हायची. म्हणून गाव विचारायचे. लोह्याजवळचं? तिथं आमचे पाहुणे हायत. घर गावात का मळ्यात? गावात. गावात कुठल्या अंगाला, उगवतीला का मावळतीला? आडनाव जोंधळे, त्याच्यावरून काही हाताला लागत नव्हतं, पण घराची दिशा सांगितली की बास. ती खरी दिशा सांगायची. माणसं चहा पाजायची, पोराबाळांची चौकशी करायची, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी भाचा उदगीरहून शिकायला यायचा असायचा. लातूरला इतके भाचे येणार आहेत हे सरकारला आधी ठाऊक असतं तर जिल्ह्याबरोबर एक वसतिगृहही झालं असतं.

शांतम्मांनी दिशा विचारली नाही. नवऱ्याची अडत होती, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा गुरुलिंग उदगीरला दुकान टाकून तिकडचाच झाला. मोठं घर, मागं अंगण, अंगणात आड, आणि आडाला लागून एक सुटी खोली, तिला स्वतःचं दार. गल्लीत दुपारी पाल चुकचुकली तरी ऐकू यावी असा शांतपणा. अम्मांनी विचारलं, "स्वयंपाकात मटण-अंडं?" "नाही. यांना सोसत नाही." ते खरं होतं. "उपास कंचे धरता?" "उपास धरत नाही." तेही खरं होतं. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मुठीत धरून अम्मा बसून राहिल्या. इतका वेळ, की चांगुणानं पिशवी उचलून उठायची तयारी केली. मग त्या म्हणाल्या, "बरं. या राहायला. आडाला तेवढा हात लावू नका. कठडा पडलाय त्याचा, माणूस आत जायचं एखादं. पाणी मी काढून देत जाईन."

कठड्याचा एक दगड निखळला होता. एकच, कोपऱ्यातला, तिथल्या खोबणीत अम्मांचं मांजर वेटोळं करून झोपायचं. बाकी कठडा निजामाच्या काळापासून जसा होता तसा होता. पाणी ओढताना अम्मा स्वतः त्याला पोट लावून सगळा भार त्याच्यावरच टाकायच्या. हे चांगुणानं पहिल्याच सकाळी पाहिलं. तिनं पाहिलं हे अम्मांनी पाहिलं. दोघी काही बोलल्या नाहीत, आणि त्या न बोलण्यावर बिऱ्हाड थाटलं गेलं. शेषेरावाला तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "विचारलं तर सांगायचं, लपवायचं नाही. पण विचारलंच नाही तर आपण होऊन दाराला पाटी कशाला लावायची?" शेषेरावाचं बोलणं नेहमी बरोबरच असायचं. आणि बोलून तो इस्लापूरला जायचा.

अशी ती साठी उलटलेल्या बाईच्या हातचं पाणी पिऊ लागली. तिची घागर एका सपाट दगडावर ठेवायची, दोन पावलं मागं सरायचं. अम्मा पोहरा उंच धरून वरून ओतायच्या, पोहऱ्याचा काठ घागरीच्या काठाला लागू न देता. त्यात त्यांची इतकी सफाई होती की थेंब सांडायचा नाही. मग त्या बाजूला व्हायच्या आणि ती घागर उचलायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, शांतम्मा लई मायाळू, नोकरीवाल्या बाईला पाणीसुद्धा भरून देतात. अम्मांना ते ऐकून बरं वाटायचं. चांगुणालाही कधी कधी वाटायचं, आहेच की माया. तिला ताप आला होता तेव्हा अम्मांनी खिडकीतून ज्वारीची आंबील दिली होती, वाटी खिडकीत ठेवून, आणि दिवसातून कितीदा तरी विचारलं होतं, "उतरला का गं?" ती वाटी परत घेताना मात्र त्यांनी आधी तिच्यावर पाणी ओतलं. उष्टी वाटी कुणीही धुतं, असं चांगुणानं स्वतःला सांगितलं. तसं सांगायची तिला सवय लागली होती, आणि प्रत्येक वेळी ते पटायचंही, निम्मं.

पाऊस सलग हुकला तसं आडाचं पाणी खाली खाली गेलं. दोर पुरेना. चांगुणानं कचेरीतून येताना गोलाईच्या बाजारातून काथ्याचा नवा दोर घेतला, वेटोळं खांद्यावर टाकून चालत आली. काथ्यानं मान सोलवटली. अम्मा खूश झाल्या. "ठेवा तिथं," म्हणाल्या. तिनं ठेवला. मग अम्मांनी जुन्या पोहऱ्यातलं पाणी वरून त्या दोरावर ओतलं, उलटून पालटून पुन्हा ओतलं, रात्रभर भिजत ठेवला आणि सकाळी जुन्या दोराला गाठ मारून जोडला. नवा काथ्या भिजवावाच लागतो, नाहीतर तुटतो. हे चांगुणाला लहानपणापासून माहीत होतं. तरी ती पाण्याची धार पडताना बघत उभी राहिली आणि दोर पक्का होतोय की आणखी काही होतंय ते तिला ओळखता येईना. विचारलं असतं तर अम्मांना तरी सांगता आलं असतं का, कोण जाणे.

आज सकाळी मात्र अम्मांची ती कुरकुर ऐकता ऐकता चहा उतू गेला. स्टोव्ह पुसता पुसता तिला आई दिसली. आजची म्हातारी सरजाबाई नव्हे. काळी, ताठ, डोक्यावर चुंबळ, कमरेला लहानगी चांगुणा. गावच्या आडाशी. आडाच्या ओट्याखाली एक जागा होती, तिथं कुणी रेघ ओढलेली नव्हती, पण आईचे पाय तिथं बरोबर थांबायचे. घागर खाली ठेवायची आणि वाट बघायची, कुणाला तरी दया येईपर्यंत. आणि ती हसायची. त्या हसण्यावर चांगुणाचा सगळा राग होता. "ओत की गं माय, तुझ्या लेकराचं सोनं होईल," आई म्हणायची, वर ओट्यावरच्या एखाद्या पोरसवदा सुनेला, जी आईच्या निम्म्या वयाचीही नव्हती. ती सून मैत्रिणीशी बोलत बसायची, आणि आई हसत राहायची, ऊन तोंडावर घेऊन. धर्म घेतला तेव्हा आईनं घरातले सगळे देव टोपल्यात घालून नदीला नेऊन सोडले होते, रडली नव्हती, उलट येताना गाणं म्हणत आली होती. पण देव नदीत गेले तरी आड जागेवरच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी आईचे पाय पुन्हा त्याच जागी थांबले. लहानग्या चांगुणानं विचारलं होतं, "आता तर आपण बदललो न्हवं?" आई म्हणाली होती, "आपण बदललो. त्यांला अजून कुणी सांगितलं न्हाई."

आता ती आई इथं येणार. आडावर चढून दोर धरेल याची भीती चांगुणाला नव्हती. धरणार नाही, ही भीती होती. आई अंगणात येईल, आडाकडं एक नजर टाकेल, कुणी न सांगता तिला सगळं कळेल, आणि तिचे पाय बरोबर त्या सपाट दगडाशी थांबतील. मग ती हसेल. आणि शिकलेली, टायपिंगची परीक्षा दिलेली, सरकारी शिक्क्याची लेक खोलीच्या दारात उभी राहून ते बघेल. तिनं विंचरायला आरसा घेतला आणि रोज अम्मांनी पाणी ओतल्यावर म्हणते तसं हळूच म्हणून पाहिलं, "लई त्रास होतो अम्मा तुम्हाला." आरशात आईचंच हसू होतं. दातसुद्धा तेच.

कचेरीत तिची खुर्ची टंचाई शाखेत. दिवसभर टँकरचे हुकूम टाइप करायचे. जिल्हा होऊन इतका काळ गेला तरी जुने कागद संपलेले नव्हते. वर छापलेल्या उस्मानाबादवर एक्स एक्स मारायचं आणि शेजारी लातूर टाइप करायचं. जिल्हा बदलणं इतकं सोपं. हुकमाला जोडलेल्या गावांच्या तक्त्यात एक रकाना होता: दलित वस्तीसाठी पाण्याची वेगळी सोय आहे काय. गावांची नावं बदलत जायची, रकान्यात नाही, नाही, नाही. बोटं आपोआप चालायची. आज त्या रकान्याशी तिचं बोट अडकलं. आईचं गाव यात नव्हतं, ते पलीकडच्या जिल्ह्यात. तिकडं कुणीतरी दुसरी बाई हाच तक्ता टाइप करत असेल. तिकडं टँकर यायचा, गावच्या आडात रिकामा व्हायचा, आणि आडाशी पुन्हा ती जागा, तेच पाय. म्हणून तर तिनं आईला बोलावलं. माझ्याकडं ये, इथं आडाला पाणी आहे. पोस्टकार्डावर लिहिताना हे वाक्य फार सोपं वाटलं होतं. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "जोंधळेबाई, यंदा तुमच्या मालकिणीच्या आडाला पाणी म्हणे अजून. नशीबवान हाव तुमी." ती म्हणाली, "हो, त्याच भरून देतात." भाऊसाहेबांनी मान हलवली. त्यांनाही कळलं होतं. तेही काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं होतं काय त्यात? दुसरं घर मिळणार नव्हतं. त्या आडाचं पाणी आणि ते दार, दोन्ही एका शब्दावर टांगलेलं होतं, आणि तो शब्द जोवर कुणी उच्चारत नाही तोवर ते तिचं होतं.

संध्याकाळच्या एस्टीनं सरजाबाई उतरली. हातात गाठोडं, गाठोड्यात भुईमुगाच्या शेंगा आणि लेकीसाठी ठेचा. वाळली होती. घर बघून म्हणाली, "मोप जागा हाय गं. पर लई गप घर हाय. माणसं राहतेत का इथं?" अम्मांनी ओसरीतून विचारपूस केली, प्रवास कसा झाला, तिकडं पाऊसपाणी काय. मग पदर खोचून आडावर गेल्या. आई खोलीच्या दारात बसून बघत होती. एक म्हातारी पोट कठड्याला लावून ओढतेय, मधेच थांबून कमरेवर हात ठेवतेय, वर आलेलं पाणी आपल्या लेकीच्या घागरीत ओततेय. चांगुणा आईच्या तोंडाकडं बघत होती, हसू कधी येतं ते. हसू आलं नाही. घागर आत आल्यावर आई दबक्या आवाजात भडकली, "म्हाताऱ्या माणसाला पाण्याला लावून राहिलीस तू? साहेबीण झालीस का? माझ्यापेक्षा मोठी हाय ती."

"त्याच देतात. कठडा पडलाय आडाचा."

"पडलाय तर मग आधी म्हातारीच जाईल की आत."

जेवणं झाली. आईला अंगावर घ्यायला जुनं लुगडं पाहिजे होतं, तिनं आपणच टरंक उघडली. वरच्या साडीखाली, चादरीत गुंडाळलेली चौकट तिच्या हाताला लागली असणार. लग्नात सासरहून मिळालेला बाबासाहेबांचा फोटो. नांदेडच्या घरात तो दारासमोर होता. इथं आल्या दिवशी भिंतीत एक खिळा आधीच होता, आणि चांगुणानं त्याला कचेरीचं कॅलेंडर लावलं होतं. फोटोसाठी मोठा खिळा लागेल, आणू, असं म्हणत राहिली होती. आईचा हात टरंकेत जरा वेळ तसाच राहिला. मग तिनं चादर पुन्हा नीट गुंडाळली, लुगडं काढलं, झाकण हलकेच लावलं. कॅलेंडरकडं बघितलं. "तारखा बऱ्या दिसतेत," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. आईनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गाव सोडून लेकीच्या घरी आलेली बाई पहिल्याच रात्री लेकीचं झाकण लावून देते, याला काय म्हणायचं? चांगुणाला वाटलं, गावच्या आडाशी आई हसायची ते लाचारीनं हसायची असं मी धरून चालले. पण कमरेला मी होते. घागर रिकामी घेऊन जायची नव्हती. ती हसत होती तर कदाचित माझ्या घोटासाठी हसत होती. आणि मी, मी कुणाच्या घोटासाठी?

सकाळी चाक कुरकुरलं, आणि मधेच थांबलं. दोर सरसरला नाही, पाणी सांडलं नाही. "शिव शिव शिव," अम्मांचा आवाज आला, बारीक, कापरा. हा आवाज पोहऱ्याशी बोलण्यातला नव्हता. चांगुणा खिडकीशी धावली. अम्मा कठड्यावर वाकलेल्या, सरळ होता येत नव्हतं. कंबर धरली होती. दोर मनगटाला गुंडाळलेला, पोहरा आडात मध्यावर लटकलेला. सोडावा तर भरल्या पोहऱ्याचं ओझं मनगट ओढून नेईल. ओढावा तर जीव नाही. गल्लीत कुणाचंच दार उघडलेलं नव्हतं.

आई अंगणात होती. राखुंडी लावत असावी, तोंड तसंच काळं. ती आडाकडं धावली आणि ओट्याच्या अलीकडं, बरोबर त्या सपाट दगडाशी, तिचे पाय थांबले. चांगुणाला ते पाय दिसले. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या अंगणात, तेवढ्याच अंतरावर. आता हसेल, तिला वाटलं. पण आईनं मागं वळून लेकीच्या खिडकीकडं बघितलं. काळ्या तोंडावर हसू नव्हतं. वाट बघणं होतं. या वेळी आडावरच्या बाईची नाही.

"लांब राहा हो बाई," अम्मा दम खात म्हणाल्या. "पडाल. कठडा पडलाय."

आईनं कठड्याकडं बघितलं, कोपऱ्यातल्या खोबणीत झोपलेल्या मांजराकडं बघितलं. "ह्यो?" ती म्हणाली. "ह्याला हत्ती बांधला तरी हालायचा न्हाई. चांगे, ह्यो पडलाय म्हणत होतीस व्हय गं तू?"

चांगुणा दारातून बाहेर आली ती अनवाणी. ओट्याची पायरी चढताना तळव्याला गार, शेवाळलेला दगड लागला. इतके महिने बघितलेला, कधी न लागलेला. मांजर उठलं, अंग ताणून पुन्हा बसलं. तिनं अम्मांच्या मुठीखाली दोन्ही हातांनी दोर धरला. काथ्या टोचला, तोच काथ्या, तोच तिच्या मानेला लागलेला. ओझं तिच्या हातात आलं तसं अम्मांचं मनगट ढिलं पडलं. पण त्यांनी मूठ सोडली नाही. दोघींचे हात एकावर एक, पोहरा खाली अधांतरी, आणि थेंब पडल्याचा आवाज खूप खोलून.

"अम्मा," ती म्हणाली. आवाज मोठा झाला असावा, कारण शेजारची खिडकी उघडल्याचं तिला ऐकू आलं. "कठडा पडलेला नाही. आम्ही बौद्ध आहोत."

अम्मांनी तिच्याकडं बघितलं नाही. आडात बघत राहिल्या, जणू उत्तर पोहऱ्यालाच द्यायचं होतं. कपाळावरचा घाम नाकावरून उतरून खाली पाण्यात गेला.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "आलीस त्याच दिवशी ठाऊक झालं. तोंडानं विचारलं असतं, तर न्हाई म्हणावं लागलं असतं गं. म्हणून विचारलं न्हाई."